सातवी चौकट

जानेवारीत कार्डिफला दुपारी चारलाच दिवे लागतात.
टेबलावर एकेचाळीस अर्ज, बिस्किटांची बशी
आणि आम्ही पाच जण,
एका शिष्यवृत्तीपुरते देव.

सातवी चौकट सगळ्यांना सारखीच:
'तुम्ही सोसलेल्या अडचणी लिहा. शब्दमर्यादा तीनशे.'
चाळीस जणांनी लिहिल्यात.
कुणाची आई रात्रपाळीला, कुणाचा भाऊ आत.
एकाने अख्खं वर्ष करारांचा कायदा
वर्गाच्या दाराबाहेरून ऐकला,
कारण व्हीलचेअरला पायऱ्या चढता येत नाहीत.
एकीने वडील गेले त्या वाक्यातला 'अचानक' खोडलाय,
तीनशेत बसावं म्हणून.

एकेचाळिसावा लिआंडर लोवेल.
न्यूपोर्टबाहेर, मोटरवेच्या कडेला,
रोमानी लोकांच्या कॅराव्हॅन उभ्या असतात तिथला.
पत्ता: प्लॉट नऊ. रस्त्याला नाव नाही.
सातव्या चौकटीत एकच ओळ:
'ही माहिती देण्यास मी बांधील नाही.'

ताकाला यायचं आणि भांडं लपवायचं,
अशा अर्थाचं काहीतरी
निवृत्त न्यायाधीश ग्विलिम आपल्या भाषेत म्हणाले.
मला हसू आलं. चहा सांडला थोडा.

माझीही होती सातवी चौकट, बावीस वर्षांपूर्वी.
आजोबा बर्बेराहून आले, जहाजाच्या पोटात कोळसा ओढत,
आणि इथल्याच गोदीमागच्या गल्लीत खोकून खोकून गेले.
तो खोकला मी एकशे दहा शब्दांत बसवला.
आईची बादली साठ शब्दांत.
ज्या वकिलांच्या ऑफिसातली फरशी ती पुसायची
त्यांचं नावही घातलं. उगाच नाही,
ते समितीवर होते.

पैसे मिळाले.
आईला पत्र वाचून दाखवलं, सोमालीत, ओळ न् ओळ.
ती एवढंच म्हणाली,
'आजोबांचा खोकला त्यांना कुणी सांगितला, हिबाक?'

फी भागली. पण फी म्हणजे काय,
दाराची किल्ली झाली; घरात वावरायचं कसं
ते किल्लीवर लिहिलेलं नसतं.
ते नेरिस प्रॉसरकडून शिकले.
लंडनला वकिलांच्या त्या लांबलचक जेवणात
माझ्यापुढे चार काटे होते,
ती शेजारून पुटपुटली,
'कुठलाही उचल, सावकाश उचल.
लोकांना घाई दिसते, काटा दिसत नाही.'
कोर्टात प्रश्न समजला नाही तर पाणी पी, म्हणायची,
पाणी पिण्याला आजवर कुणी हरकत घेतलेली नाही.
हिजाबावर घोड्याच्या केसांचा तो टोप बसेना,
मी रडवेली. तिने नियमांचं पुस्तक काढलं, चष्मा पुसला,
'आधी नियम वाच, मग माफी माग.
बहुतेकदा मागावी लागत नाही.'

ती गेली, त्याला आता तीन वर्षं होतील.
तिचा जग माझ्या टेबलावर आहे, कडेला टवका उडालेला.

तर मी समितीला म्हटलं,
चाळीस जणांनी कहाणी लिहिली,
याने बचाव लिहिला.
भांडं लपवलेलं नाही त्याने, समोरच ठेवलंय:
मार्क, फीची रक्कम, प्लॉट नऊ.
तडे मोजू नका, इतकंच म्हणतोय.

बिस्किटं संपली होती. मत घेतलं.
तीन विरुद्ध दोन.
तो हरला.

निकाल कळवायचं काम माझ्याकडे आलं.
फोनवर मागे रोलर चालू होता, कुठला तरी रस्ता
डांबरत होते. मी सगळं सांगितलं,
पुढच्या सोमवारपासून माझ्याकडे ये म्हटलं,
शिष्यवृत्ती असो नसो.
तो गप्प. रोलर पुढे गेला, मागे आला.
मग विचारलं, 'अपील करता येतं?'

करता येतं, म्हटलं. नियम अकरा वाच.

'वाचलाय,' तो म्हणाला.